'कोनिएक स्वियाटा' की 'कोन्येत्स श्फ्याता'?

प्रश्न: रेगे, स्का आणि पंक या संगीतशैली एकत्र वाजवणाऱ्या कातोव्हित्से शहरातल्या एका पोलिश बँडचं नाव (Koniec Świata) मराठीत 'कोनिएक स्वियाटा' असं लिहिलं तर चालेल का? त्याचा अर्थ काय?

उत्तर: 'कोन्येत्स श्फ्याता' लिहावं. प्रश्नातलं रूप पोलिश अक्षरं इंग्रजीसारखी वाचल्यामुळे आलं आहे.

पोलिशमध्ये सी म्हणजे 'क' नव्हे. शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार 'चाक', 'चूल' यांतल्या दंततालव्य च सारखा होतो. हा उच्चार मराठी जिभेवर आहेच, ही केवढी सोय! लिहिताना मात्र नुसता च लिहिला तर कुणी तो 'चार'मधला वाचेल, म्हणून त्स. टी दंत्य आहे, म्हणून ट नको, त हवा.

खरी गंमत डब्ल्यूची. त्याचा मूळ उच्चार व्ह, पण शेजारी अघोष (क, त, श सारखं) व्यंजन आलं की तोही अघोष होतो, म्हणजे 'फोन'मधला फ. श ला लागून आल्यामुळे इथे श्फ्या. आपल्या विपद् + काल = विपत्काल या संधीत द चा त होतो, तीच प्रवृत्ती. वॉर्सात १९८१ मध्ये पंक आणि रेगे एकत्र आणणाऱ्या 'ब्रिगादा क्रिझिस' या बँडचे रॉबर्ट ब्रिलेफ्स्की यांच्या आडनावातही डब्ल्यूच आहे. तिथे 'ब्रिलेवस्की' लिहिलं की उच्चार हुकतो.

मग व कुठे? आडवी रेघ मारलेल्या एलला. पोलिश नेते लेख वालेसा यांचं आपल्याकडे 'वालेसा' लिहिलं जाणारं आडनाव पोलिशमध्ये 'व्हावेंसा' आहे: पहिला डब्ल्यू, दुसरा रेघेचा एल. व आणि व्ह हा फरक मराठी लेखनात रुळलेला आहे, तर तो इथे जरूर पाळावा.

आता अर्थ. कोन्येत्स म्हणजे शेवट, श्फ्यात म्हणजे जग. शेवटचा आ हा षष्ठीचा प्रत्यय, म्हणून 'जगाचा शेवट'. तो आ लिहायलाच हवा, कारण नुसता 'त' लिहिला तर मराठी वाचक त्याचा पाय मोडूनच वाचणार. विशेषनाम असल्याने भाषांतर करू नये. प्रत्यय लावताना 'घोडा-घोड्याचा' या चालीवर 'श्फ्यात्याचं' करू नका. 'कोन्येत्स श्फ्याताचं गाणं' एवढंच बरोबर.