दुखत नाही, मग पुन्हा कशाला येऊ?

प्रश्न : देवगड तालुक्यात मी दोन वर्षांपासून दातांचा दवाखाना चालवते. हिरड्यांच्या आजाराविषयी मी सविस्तर सांगते, रुग्ण 'होय, होय' म्हणून मान डोलावतात. पण ठणका थांबला की पुढच्या खेपेला येत नाहीत. माझ्या सांगण्यात काय उणे पडते?

उत्तर : मान डोलावणे हा बहुधा डॉक्टरांविषयीचा आदर असतो, सांगितलेले समजल्याची ती खूण मानू नये. तपासणीनंतर "आता घरी काय सांगाल?" असे विचारावे, रुग्णाच्या शब्दांत ऐकावे आणि जे सुटले असेल तेवढेच पुन्हा सांगावे.

हिरड्यांचा आजार पुष्कळदा वर्षानुवर्षे न दुखता वाढतो, त्यामुळे दुखत नाही म्हणजे बरे आहे, हा समज पक्का होतो. नुसते 'पॉकेट' (दात आणि हिरडी यांच्यामधली खोल झालेली फट) म्हटल्याने तो हलत नाही. रुग्णाच्या हाती आरसा द्यावा, रक्त येणारी जागा दाखवावी आणि सांगावे की निरोगी हिरडीत ही मोजकाडी 1 ते 3 मिलिमीटर जाते, तुमच्या या दाढेपाशी ती 6 मिलिमीटर गेली, म्हणजे दाढेला धरून ठेवणारा आधार सुटत चालला आहे.

दात साफ केल्याने ते हलतात, ही भीती तर घरोघरी आहे. आजाराने हाड आधीच झिजलेले असते आणि दातांवर साचलेल्या कीटणामुळे दात घट्ट भासतो. ते निघाल्यावर हलणे जाणवू शकते, थंड पाण्याने काही दिवस सणकही येऊ शकते. कीटण काढण्यापूर्वीच हे सांगावे, कारण नंतर सांगितलेले खरे कारणही सबबीसारखे वाटते.

वयस्क बायकांना मिशरीविषयी दरडावून विचारले की त्या नाहीच म्हणतात. "दिवसातून किती वेळा लावता?" असे आपुलकीने विचारावे. मिशरीने दात बळकट होतात, असे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिने हिरड्यांची हानी होते, तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, हे त्यांना न दुखावता पण स्पष्ट सांगायलाच हवे.

शिवाय खर्चाचा निर्णय अनेकदा मुंबईतल्या मुलाचा असतो. किती खेपा लागतील, अंदाजे खर्च किती आणि उपचार टाळल्यास काय होईल, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावे, म्हणजे आई ते मुलाला फोनवर वाचून दाखवू शकेल. आंब्याच्या हंगामात बागेतली मजुरी बुडवून, एसटीने यायचे असते. म्हणून पुढची तारीख रुग्णालाच विचारून ठरवावी.