अर्बुद म्हणजे कर्करोग नव्हे, आणि नाकात वाढतं ते हाडही नव्हे

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सोळा वर्षांच्या भाच्याच्या एकाच नाकपुडीतून सारखं रक्त येतं, श्वास अडतो. गावात सगळे म्हणतात, 'नाकाचं हाड वाढलं'. तपासणीच्या कागदावर मात्र 'अँजिओफायब्रोमा, बिनाइन' असं आलं. पुतणीने त्याचं मराठी केलं 'सौम्य अर्बुद' (बिनाइन म्हणजे कर्करोग नसलेलं, अर्बुद म्हणजे गाठ), आणि घरात रडारड सुरू झाली, कारण अर्बुद म्हणजे कर्करोग असं कुणीतरी सांगितलं. यातला बरोबर शब्द कोणता?

'हाड वाढलं' आधी निकालात काढतो. यवतमाळपासून मेळघाटापर्यंत कुठेही नाक चोंदलं की हे वाक्य तयार. पडदा वाकडा असो, आतलं मांस सुजलेलं असो, द्राक्षाच्या घडासारखा मऊ पॉलिप असो, वाढतं ते हाडच! हाड खरोखर वाढतं ते ऑस्टिओमात. तो बहुधा कपाळामागच्या पोकळीत वर्षानुवर्षं मुकाट पडून असतो आणि पुष्कळदा भलत्याच कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये दिसतो. भाच्याचा अँजिओफायब्रोमा म्हणजे रक्तवाहिन्या आणि तंतूंचा गोळा. तो जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होतो. त्याला हाड किंवा साधं मांस समजून कुणी तपासायला नुसता तुकडा जरी तोडला, तरी रक्त आवरत नाही. 'हाड' या शब्दाचा मला राग येतो तो यासाठी. जाणकार डॉक्टर दुर्बिणीने नाक पाहून स्कॅनवरूनच तो ओळखतात, शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी त्याला रक्त पुरवणारी धमनी बहुतेक वेळा आतूनच बंद करतात, आणि जमेल तिथे दुर्बिणीने नाकावाटेच गोळा काढतात.

आता अर्बुद. काय शब्द आहे! ऋग्वेदात इंद्र ज्याला पायाखाली तुडवतो तो बलाढ्य शत्रू अर्बुद. अबूचा पहाड म्हणजे अर्बुदाचल. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अर्बुद म्हणजे दहा कोटी. राक्षस, पहाड, आकडा आणि अंगावरची गाठ या चौघांत मला एकच धागा दिसतो: फुगून दांडगं झालेलं काहीतरी. हे माझं मत, आणि मी ते सोडणार नाही.

पण खरा ठेवा सुश्रुताकडे आहे. तो अर्बुदाला गोल, घट्ट, कमी दुखणारं, सावकाश वाढणारं, न पिकणारं म्हणतो, आणि वर एक विशेषण लावतो: 'अनल्पमूल'. अल्प नाही मूळ ज्याचं ते. नाकाच्या रोगांतही तो अर्बुदं वेगळी मोजतो. चरबीच्या गाठीला तो मेदोऽर्बुद म्हणतो आणि तिच्यावर इलाजही सांगतो. रक्तार्बुद आणि मांसार्बुद मात्र असाध्य ठरवतो. म्हणजे त्याच्या लेखी अर्बुदात बरं होणारंही आलं आणि न होणारंही. 'अर्बुद म्हणजे कर्करोग' असं ठोकून देणाऱ्या पंडितांनी हे प्रकरण उघडलेलं नाही, एवढंच मी म्हणेन. आणि तोच सुश्रुत बजावतो की अर्बुद जरासं शिल्लक राहिलं तरी लवकरच पुन्हा वाढतं, म्हणून नि:शेष काढा.

हे वाचताना मला आमच्या काळ्या रानातला कुंदा, ते खोल मुळांचं चिवट गवत, आठवतो. वरून खुरपला की पंधरा दिवसांत पुन्हा हजर; कुदळीने खोल खणूनच काढावा लागतो. नाकात 'इन्व्हर्टेड पॅपिलोमा' नावाची एक गाठ होते, तिचं अस्तर बाहेर फुलण्याऐवजी आत वळतं. नुसती ओढून काढली तर ती परतते. म्हणून शल्यविशारद ती ज्या हाडाला चिकटलेली असते ती जागा शोधून तिथलं हाडही घासून काढतात. काही रुग्णांत तिच्यात कर्करोगही सापडतो, त्यामुळे काढलेला सगळा भाग तपासायला पाठवतात. अनल्पमूल!

राहिलं 'सौम्य'. परिभाषा घडवणाऱ्यांचा हा शब्द मला पटत नाही. 'बिनाइन'च्या लॅटिन मुळाचा अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. आपण त्याला सोमासारखा शीतल करून टाकला. वऱ्हाडात सौम्य किंवा साधी गाठ म्हटलं की लोक म्हणतात, मंग राहू द्या, सोयाबीन निघाल्यावर पाहू. घरच्यांना 'न पसरणारी गाठ' असं सांगा. कर्करोगासारखी ती दूर अंगात बी टाकत नाही, पण जागच्या जागी वाढून डोळ्याकडे, मेंदूकडे दाबत जाऊ शकते.

झाडीपट्टीत नाकातल्या अशा वाढीला 'हाड' सोडून दुसरा शब्द कुणी ऐकला असेल, तर गावाच्या नावासह कळवा.