वाचकांचे प्रश्न : पडझड भूकंपाची की आगीची?

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या बाजारात मला जमैकातील किंग्स्टन शहराच्या १९०७ सालच्या भूकंपाची काही चित्र-पोस्टकार्डे मिळाली. जवळपास सगळ्यांवर विटांचे ढीग दिसतात. यांतली भूकंपाची हानी कोणती आणि नंतरच्या आगीची कोणती, हे ओळखता येते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बऱ्याच अंशी येते, त्यासाठी विटांपेक्षा लाकडाकडे पाहावे. १४ जानेवारी १९०७ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, ब्रिटिश अमलाखालील या बंदरात धक्का बसला आणि पाठोपाठ पेटलेल्या आगीने बंदरालगतची व्यापारी पेठ खाक केली. ज्या ढिगाऱ्यात तुळया, वासे, खिडक्यांची झडपे मोडलेली पण न जळलेली दिसतात, तेथे आग पोहोचलीच नव्हती. दर्शनी भिंत रस्त्यावर कोसळून आतल्या खोल्या उघड्या पडलेले घर हे तर भूकंपाचेच काम, कारण वासे आणि छपराशी नीट न जखडलेली विटांची भिंत हादऱ्याने सुटून बाहेर पडते. याउलट लाकडाचा मागमूस नाही, लोखंडी खांब वाकलेले आहेत आणि भिंतींचे नुसते सांगाडे उभे आहेत, असे चित्र आगीतून गेलेल्या भागाचे समजावे, मात्र त्या इमारतीला धक्क्याने आधी किती तडे गेले होते हे त्यावरून ठरवता येणार नाही.

हा भेद तेव्हा कोर्टापर्यंत गेला होता. अनेक विमापत्रांत भूकंपामुळे लागलेल्या आगीची भरपाई वगळलेली असल्याने, आग धक्क्याआधी लागली की नंतर, यावर कंपन्या आणि व्यापारी यांच्यात मोठा वाद झाला. काही दिवसांनी टिपलेले छायाचित्र या क्रमाची साक्ष देऊ शकत नाही, हे संग्राहकाने विसरू नये.

राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याचे कार्ड आपल्याकडे असल्यास ते आवर्जून जपावे. तो पुतळा चबुतऱ्यावरून खाली न पडता जागच्या जागी वळला होता, आणि जमिनीच्या हालचालीचा इतका स्पष्ट पुरावा ढिगाऱ्यांच्या शंभर चित्रांतही सापडत नाही. मोकळ्या मैदानांत तंबू ठोकून राहिलेल्या कुटुंबांची कार्डे मला त्याहून मोलाची वाटतात, कारण सुमारे ८०० ते १,००० माणसे दगावलेल्या या आपत्तीत वाचलेल्यांचे चेहरे आपल्याला तेथेच भेटतात.