वेचणीच्या हंगामात देवाला प्रथम स्थान कसे द्यावे?

कापूस वेचणीच्या दिवसांत सवड मिळत नसताना देवाला प्रथम स्थान कसे द्यावे, असे आपण विचारले आहे. पहिल्याने देवाचे राज्य व नीतिमत्त्व मिळवण्यास झटा, असे प्रभू येशूने अन्नवस्त्राच्या चिंतेविषयी बोलताना सांगितले (मत्तय 6:33), म्हणून त्याचा अर्थ केवळ वेळापत्रकापुरता घेऊ नये, असे मला वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी पहाटे चूल पेटण्याआधी एक स्तोत्र वाचून प्रार्थना होते. ती दहाच मिनिटांची असते, पण कापसाच्या भावाची चर्चा त्यानंतरच सुरू होते. खरी कसोटी मात्र संध्याकाळी असते. वेचणाऱ्या बाईचे गाठोडे काट्याला लटकते, काटा 17 किलोच्या थोडा पुढे जातो, आणि तो वरचा थोडा कापूस मजुरीत धरायचा की सोडायचा हे मालकाच्या हाती असते. तो धरणे आणि मजुरी त्याच दिवशी देणे (सूर्यास्तापूर्वी ती देण्याची आज्ञा बायबलमधील अनुवाद या पुस्तकात, 24:15 मध्ये आहे), यातच देवाचा पहिला मान राखला जातो, असे मी मनापासून मानतो. रविवारची उपासना तर चुकवूच नये. पहिल्या विक्रीचे पैसे हाती आले की प्रथमफळाचा, म्हणजे पहिल्या उत्पन्नातून देवाला द्यायचा, वाटा (नीतिसूत्रे 3:9) खर्चाची यादी करण्यापूर्वी बाजूला काढून ठेवावा.