जानेवारीत रेडिंगला येताय, तर मुलांच्या शाळेचं असं आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून जानेवारीत इंग्लंडमध्ये रेडिंगला येताय, मुलगी पाचवीत (जन्म नोव्हेंबर २०१४), मुलगा पहिलीत (२७ ऑगस्ट २०१९). कुठल्या वर्गात घालतील, प्रवेश परीक्षा असते का, डोनेशन किती, आणि घर आधी की शाळा आधी. माझी दोन्ही मुलं याच रहाटगाडग्यातून गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्ग ठरतो जन्मतारखेवर. मार्कशीट कोणी बघत नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली सगळी मुलं एका वर्षाची. म्हणजे तुमची लेक इयर सिक्समध्ये आणि मुलगा इयर टूमध्ये. तो पाच दिवस उशिरा जन्मला असता तर इयर वनमध्ये गेला असता! 'एक वर्ष वर चढवलं' असं वाटून घेऊ नका. इथे चार पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात रिसेप्शनला (इयर वनच्या आधीचा वर्ग) बसतं, म्हणून आकडा पुढे दिसतो. नापास करून मागे ठेवणं जवळजवळ नाहीच.

सरकारी शाळेत डोनेशन नाही, फी नाही. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (म्हणजे सरकारी मदत मिळणार नाही) लिहिलेलं पाहून आम्ही घाबरलो होतो, पण सरकारी शाळा त्यात मोडत नाही. 'पब्लिक स्कूल' म्हणाल तर ती मात्र खासगी, आणि जानेवारी २०२५ पासून तिच्या फीवर २० टक्के व्हॅटही आहे. त्या वाटेला आपण जात नाही.

आता खरी मेख. वर्षाच्या मध्ये आलात की जिथे जागा रिकामी असेल तिथे जायचं, शाळा कितीही आवडो. त्यात रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या तीन वर्गांत एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत असा कायदाच आहे. वरच्या वर्गांना ही कायदेशीर मर्यादा नाही. म्हणजे एकाच शाळेत ताईला जागा मिळते आणि धाकट्याला मिळत नाही, असं अगदी होऊ शकतं.

आमचं तेच झालं. थोरली घराजवळच्या शाळेत, धाकटा सव्वा मैलावर. सात महिने मी त्याच्या स्कूटरच्या हँडलला त्याची बुकबॅग लटकवून, पावसात, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर धावले. दुसरं गेट ८:५० ला बंद व्हायचं. एक मिनिट उशीर झाला की ऑफिसात जाऊन लेट रजिस्टरमध्ये कारण लिहा. फेब्रुवारीपर्यंत 'ट्रॅफिक' हा शब्द लिहायची मलाच लाज वाटायला लागली. अपील केलं, हरले. ३० चा आकडा पुढे आला की पॅनेलच्या हातात फारसं काही राहत नाही. शेवटी वेटिंग लिस्टवरून नंबर लागला.

म्हणून माझं उत्तर: दोन-तीन आठवडे तात्पुरतं कुठेतरी राहा, काउन्सिलला (म्हणजे तिथल्या पालिकेला) फोन करून इयर टू आणि इयर सिक्स दोन्हीकडे जागा असलेल्या शाळा विचारा (विचारलं की त्यांनी सांगावं लागतं), आणि मगच वर्षाच्या भाडेकरारावर सही करा. एजंट घाई करेल, करू दे.

रेडिंगमध्ये आणखी एक गंमत आहे. पत्त्यात 'रेडिंग' असलं म्हणजे काउन्सिल रेडिंगचीच असं नाही. अर्ली आणि वुडली वोकिंगममध्ये येतात, कॅलकॉट वेस्ट बर्कशायरमध्ये, आणि टाइलहर्स्ट तर रेडिंग आणि वेस्ट बर्कशायर या दोघांत विभागलेलं. पोस्टकोड टाकून आधी काउन्सिल कुठली ते बघा, नाहीतर चुकीच्या ऑफिसात आठवडा जाईल.

मुलीच्या बाबतीत मात्र वेळ दवडू नका. येत्या सप्टेंबरात ती इयर सेव्हनला, म्हणजे सेकंडरीत जाणार. त्याचे अर्ज ३१ ऑक्टोबरला बंद झाले आणि जागा मार्चच्या सुरुवातीला जाहीर होतात. तुमचा अर्ज 'लेट' धरला जाईल आणि साधारणपणे वेळेत आलेल्यांना जागा वाटून झाल्यावरच बघितला जाईल. पत्ता हातात आला त्याच दिवशी, राहत्या घराच्या काउन्सिलकडे भरा. पसंतीक्रमात एकच शाळा लिहून अडून बसू नका. बऱ्याच शाळांत, तिथे भावंड असलेल्या मुलांनंतर, जागा घराच्या अंतरावर ठरते, आणि मागच्या वर्षी किती अंतरापर्यंत प्रवेश मिळाले तो आकडा काउन्सिलच्या साइटवर असतो. ब्रोशर बाजूला ठेवा आणि तो आकडा वाचा.

कोणीतरी केंड्रिकचं नाव सांगेलच. मुलींची ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी), सरकारी, उत्तम. मुलांसाठी तशीच रेडिंग स्कूल. पण त्यांची परीक्षा जानेवारीच्या बरीच आधी होऊन गेलेली असते. आता तिला क्लास लावून दमवू नका. मे महिन्यात सॅट्स नावाची परीक्षा होईल, तिचाही सेकंडरीच्या प्रवेशाशी संबंध नाही.

मुलाला जूनमध्ये फोनिक्सची (अक्षरांच्या उच्चारांवरून शब्द वाचण्याची) चाचणी द्यावी लागेल, कारण त्याची इयर वनमध्ये राहिली. ४० शब्द मोठ्यानं वाचायचे, त्यातले २० निरर्थक. आमच्या धाकट्यानं अशा एका शब्दातून अर्थ काढायचा इतका प्रयत्न केला की बाई हसल्या. 'जे दिसतं ते वाच' एवढंच त्याला सांगून ठेवा. त्याला दुपारचं जेवण फुकट मिळेल, इयर टूपर्यंत सगळ्यांनाच मिळतं. मुलीच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी देऊ नका, बहुतेक शाळांत दाणे चालत नाहीत.

आणि चुलत नणंदेचं लग्न आहे म्हणून टर्ममध्ये आठवडाभर भारतात जायचं मनात आणू नका. पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंडाची नोटीस येऊ शकते, एका मुलामागे एका पालकाला ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरले तर. दोन मुलं, दोन पालक, हिशेब करा. तिकिटं ईस्टरची नाहीतर जुलैअखेरची काढा.

हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडमध्ये वर्गांची नावं आणि तारखा वेगळ्या.

येताना जन्मदाखले, पासपोर्ट, लसीकरणाची वही हँडबॅगेत ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला इथे सहसा कोणी विचारत नाही, पण परत गेलात तर तिकडची शाळा पहिल्यांदा तोच मागेल, तेव्हा निघण्याआधी घेऊन ठेवा.