शिडाच्या नौकेवर राहून इंडोनेशियातल्या राजा अम्पात बेटांमध्ये विल्सनचा बर्ड ऑफ पॅराडाइज दिसेल का?

दिसेल, पण डेकवरून नाही. पहाटे अंधारातच डिंगीने (नौकेसोबतच्या छोट्या होडीने) किनारा गाठून जंगलात शिरावं लागेल. हा पक्षी फक्त तिथल्या वायगेओ आणि बटांटा या दोन बेटांवर, डोंगराळ जंगलात राहतो, त्यामुळे नांगर यांच्याच आसपास टाका. जेमतेम 16 सेंटीमीटरचा हा जीव गर्द रानात शोधून सापडायचा नाही. नर मात्र जमिनीवर नाचाची एक ठरलेली जागा राखतो, तिथलं पान न् पान चोचीने उचलून बाहेर टाकतो. त्या जागेपाशी आडोशाला हूं की चूं न करता बसायचं. डोक्याची उघडी निळी कातडी आणि शेपटीची तारेसारखी दोन वळलेली पिसं दिसली की श्वास अडकतो!

जागा गावातल्या वाटाड्यांना माहीत असतात, त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. डेकवरून हॉर्नबिल (धनेश) जाताना दिसतील, त्यासाठी 8 पटीची दुर्बीण घ्या; हलत्या नौकेवर 10 पटीची फार थरथरते. आणि कृपा करून प्रवाळावर नांगर टाकू नका, मूरिंग बोया (नौका बांधायचा तरंगता गोळा) असेल तिथेच नौका बांधा.

एक अडचण आहेच: जोराचा पाऊस असला तर ती सकाळ बहुधा वाया जाते. म्हणून दोन-तीन पहाटा हाताशी ठेवा.