मूड आल्यावर व्यायाम की व्यायामाने मूड?

"दिवसभर खोलीत, दार बंद. जरा बाहेर जा म्हटलं की अंगावर येते. व्यायामाने बरं वाटेल हे तिलाही कळतं, पण मूडच नसतो म्हणते." किशोरवयीन मुलांच्या पालकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मला पाठ आहे: "तुम्हीच समजावून सांगा."

समजावून सांगायचं काही उरलेलंच नसतं. मुलांना सगळं माहीत असतं.

सई (नाव बदललं आहे) पंधरा वर्षांची. परीक्षा जवळ आली की छातीत धडधड, तळहाताला घाम आणि 'आता मला काहीतरी होणार' ही भीती. डॉक्टरांनी तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. तरी धडधड नको म्हणून तिने आधी खेळ सोडला, मग जिने, मग मैत्रिणींबरोबर बाहेर पडणं. वडील पहाटे साडेपाचला उठवायचे, त्यामुळे दिवस भांडणानेच उजाडायचा.

"मूड आला की करेन ना," ती म्हणाली.

"आणि आलाच नाही तर?"

"मग कशाला करायचं?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पठडीतली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला समज जास्त छळतो, हे मी मनापासून मानते. पण पंधरा वर्षांच्या मुलीचा समज नुसत्या वादाने हलत नाही. म्हणून एकदा तिला घेऊन जिन्यापाशी गेले. दोघी भरभर वर चढलो. वर पोचताच ती पायरीवर बसली, हात छातीवर, चेहरा घाबरा.

"काय होतंय?"

"धडधड."

"परीक्षेत होते तशीच?"

"तशीच."

"मग आता काय होणार तुला?"

ती बोलली नाही. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसली. ठोके हळूहळू उतरले.

"काहीच नाही झालं," ती जवळजवळ चिडूनच म्हणाली. इतके दिवस आपल्याला कुणीतरी फसवलं, अशा सुरात!

हा सूर ऐकायला मिळावा म्हणून मी हे काम करते.

व्यायामाचा विषय निघाला की मेंदूतल्या रसायनांवरच बोललं जातं. ते खोटं नाही; झोप सुधारते, ताण उतरतो, उदासीही कमी व्हायला मदत होते. पण चिंता करणाऱ्या मुलांचा मोठा फायदा मला वेगळाच दिसतो. ठोके वाढतात आणि आपोआप खालीही येतात, हे त्यांचं शरीरच त्यांना दाखवतं. मी तासन्‌तास बोलून ते पटलं नसतं. पुढच्या परीक्षेत सईची धडधड थांबली नाही, पण ती पेपर सोडून उठली नाही.

तिने दोरीवरच्या उड्या निवडल्या, संध्याकाळी, गाणी लावून, सुरुवातीला दहाच मिनिटं. मूड असो-नसो. वडिलांना वेळ पटेना. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि ८ ते १० तास तर हवीच. ती तोडून केलेला व्यायाम महागात पडतो. "मग साडेपाचचा गजर?" त्यांनी विचारलं. "तुमच्यासाठी ठेवा," मी म्हटलं.

५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते. हा आकडा पहिल्याच दिवशी मुलांच्या तोंडावर फेकू नका. "आज केलंस का?" ही चौकशी तर बंदच करा, जमल्यास सोबत चाला. प्रकार मुलांना निवडू द्या, मग तो नाच का असेना. आणि कृपा करून वजनाचा विषय काढू नका. वजनावरून सुरू झालेला व्यायाम मुलांना शिक्षाच वाटतो.

काही मुलं उलट टोकाला जातात: जेवण टाळतात, आजारपणातही व्यायाम चुकला की कासावीस होतात. तिथे कौतुक थांबवून मदत घ्यायला हवी. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याचा कंटाळा किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी. व्यायाम त्या उपचारांच्या जोडीला चालतो, त्यांच्याऐवजी नाही.